संगीन कुठली? सोलापुरातील एका ओळख-सेवेचे परीक्षण

तीन भेटी, आठशे रुपये आणि शेवटी हाती आलेला दोन पानांचा टंकलिखित अहवाल, एवढ्यात आमच्या सासुरवाडीच्या देवघरातील संगिनीचे मूळ बव्हंशी उलगडले. ज्या मिस्त्रींनी हे काम केले त्यांचे दुकान तेलंगी पाच्छा पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात आहे. आयुष्याची पंचवीस वर्षे त्यांनी एका कापडगिरणीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली. गिरणी बंद पडल्यानंतर त्यांनी मागाचे सुटे भाग दुरुस्त करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि जुन्या शस्त्रांवरील खुणा वाचण्याचा जुना छंद त्याच टेबलावर पुढे चालवला. या जोडकामासाठी दारावर पाटी नाही. नाव व पत्ता छापू नये, अशी त्यांची अट असल्यामुळे इथे त्यांचा उल्लेख केवळ मिस्त्री असाच केला आहे. कन्ना चौकाच्या परिसरात विचारपूस केल्यास दुकान सापडते.

सासऱ्यांचा वाडा बार्शी तालुक्यात, जुन्या निजामी हद्दीपासून काही कोसांवर आहे. तेथे ही संगीन दरवर्षी खंडेनवमीला पुजली जाते आणि ती रझाकाराच्या हातून हिसकावलेली आहे, ही कथा घरात सर्वमान्य होती. आपल्या जिल्ह्यात माळ्यावर सापडलेल्या कोणत्याही जुन्या शस्त्राला दोनच कुळे लावण्याची रीत आहे: सोलापूर शहरात ते सापडले तर ते १९३० च्या मार्शल लॉच्या वेळचे, आणि पूर्वेकडच्या गावात सापडले तर १९४८ च्या पोलीस कारवाईचे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने निजामी मुलखात शिरली, हे खरेच आहे. त्यामुळे अशी कथा ऐकताना कोणाला शंका येत नाही. मिस्त्रींकडे जाण्यापूर्वी मी ही संगीन परगावच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली होती. त्याने ती एकदा उलटसुलट केली, "इंग्रजांची, १९०७ ची" असा निर्वाळा दिला आणि लगेच दीड हजार रुपये देऊ केले. मूठ आणि पाते यांच्यामधील आडव्या पट्टीवर कोरलेला पाच आकडी क्रमांक त्याने वर्ष म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला होता, हे मला त्या वेळी खटकायला हवे होते.

पहिल्या भेटीत मिस्त्रींनी संगीन हातात घेण्यापूर्वी पात्याची लांबी विचारली. पाते नऊ इंचांहून लांब असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांतील पाचव्या प्रवर्गात तलवार, खंजीर व भाला यांच्याबरोबर संगीनही मोडते, आणि असे शस्त्र बाळगण्यास परवाना लागतो की नाही हे शस्त्र अधिनियमाच्या चौथ्या कलमाखाली केंद्र सरकारने त्या प्रदेशापुरती अधिसूचना काढली आहे की नाही यावर ठरते, असे त्यांनी सांगितले. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात आपल्या गावापुरती चौकशी करून घ्या, असेही सुचवले. त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक आहे. कोणाचेही शस्त्र ते रात्रभर दुकानात ठेवून घेत नाहीत. "ठेवून जाऊ नका, साहेब. इथं बसा, माझं काम बघा आणि जाताना परत न्या," हे त्यांचे शब्द. बसायला एकच स्टूल होते आणि ते तेलाने माखलेले होते, ही तक्रार मी आधीच नोंदवून ठेवतो. मात्र डोळ्यांसमोर काम होण्याचा लाभ असा की, निष्कर्ष कशावरून काढला जातो ते ग्राहकाला पायरीपायरीने समजते.

खरी अडचण आमच्या घरानेच निर्माण केली होती. कित्येक खंडेनवम्यांचे हळदकुंकू तेलात मुरून पात्याच्या मुळाशी घट्ट बसले होते, तर पात्याचा उरलेला भाग मेहुण्यांनी दरवर्षी पॉलिश पेपरने घासून आरशासारखा चमकवला होता. चमकलेल्या भागावरील खुणा बहुतेक पुसल्या गेल्या. ज्या उरल्या त्या कुंकवाखाली झाकल्या गेल्या म्हणून उरल्या. मिस्त्रींनी शिलाई मशीनचे पातळ तेल लावून तो थर अर्धा तास मऊ होऊ दिला आणि मग बांबूच्या काडीने तो कणाकणाने उचलला. आम्ल, लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रश त्यांनी टेबलावर येऊच दिला नाही. त्यानंतर दुकानातला दिवा मालवून त्यांनी बॅटरीचा झोत पात्याला जवळजवळ समांतर धरला. समोरून पाहिल्यास सपाट वाटणाऱ्या पोलादावर या तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडांच्या सावल्या पडल्या. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवली तेव्हा अक्षरांची एक तुटकी ओळ कागदावर उमटली, आणि ती लिपी रोमन नव्हती.

ओळ अरबी लिपीतील होती. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना मिस्त्री अशा प्रसंगी बोलावून घेतात. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि सांगितले की, अक्षरे वाचता येतात पण शब्द उर्दू नाही. शेवटचा भाग "लिंघन" असा काहीसा आहे. मिस्त्रींचा चेहरा उजळला. झोलिंगन हे जर्मनीतील शहर कित्येक शतकांपासून तलवारी व पाती घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि परक्या भाषेच्या लिपीत ते नाव बसवले की शेवटी असेच अवशेष उरतात, असे त्यांनी स्पष्ट केले. आडव्या पट्टीवरील क्रमांकाचाही उलगडा तेथेच झाला. अरबी पाचाचा आकडा आपल्या डोळ्याला शून्यासारखा दिसतो आणि खरे शून्य म्हणजे नुसता ठिपका. व्यापाऱ्याने पाचांना शून्य मानले होते आणि ठिपक्याला गंजाचा डाग. पाच आकडी संख्या वर्ष असूच शकत नाही. तो निव्वळ अनुक्रमांक आहे, आणि बहुधा ज्या रायफलीबरोबर ही संगीन दिली गेली तिच्याशी जुळणारा आहे.

येथवर कोणीही चौकस माणूस पोहोचू शकेल. मिस्त्रींच्या सेवेचे मोल मला पुढच्या टप्प्यात जाणवले, कारण लिपी कळल्यावरही त्यांनी देशाचे नाव घेण्याची घाई केली नाही आणि आधी एकेक पर्याय मोजमापाने बाद केला. व्यापाऱ्याने सांगितलेली इंग्रजी संगीन, म्हणजे १९०७ चा नमुना, पहिल्यांदा तपासला गेला. तिचे पाते १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटीमीटर असते. आमचे पाते ४६ भरले. इंग्रजी संगिनीच्या पात्याच्या मुळाशी मुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरे, १९०७ हा नमुन्याचा आकडा, बनवल्याचा महिना व वर्ष आणि कारखान्याचे नाव असते, तर दुसऱ्या बाजूला पाते वाकवून तपासल्याची फुलीसारखी खूण असते. रायफलीच्या नळीवर बसणाऱ्या कड्याचा आतला व्यास साधारण साडेसोळा मिलिमीटर असतो. व्हर्नियरवर आमचे कडे त्या मापाशी जुळले नाही. व्यापाऱ्याची फसगत आडव्या पट्टीच्या वळलेल्या टोकामुळेही झाली असावी. पट्टीचे खालचे टोक पुढे हुकासारखे वळवण्याची पद्धत १९०७ च्या इंग्रजी संगिनीत १९१३ पर्यंत होती खरी, परंतु ती इंग्रजांची मिरास नव्हे. जपानच्या तिसाव्या नमुन्याच्या संगिनीवरून त्यांनी ती उचलली होती. जपानी संगीनही अर्थातच बाद झाली, कारण तिचे पाते ४० सेंटीमीटरचे असते आणि तिच्यावर शस्त्रागाराच्या चिन्हांखेरीज अशी अक्षरे नसतात.

जर्मन सैन्याची स्वतःची संगीन असण्याची शक्यता एकाच खुणेने संपली, आणि ही खूण वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९८ च्या जर्मन रायफलीसाठी केलेल्या संगिनींना नळीवर बसणारे कडे नसते. त्या मुठीतील लांब खाचेच्या आधारावरच घट्ट बसतात. त्यामुळे झोलिंगनची घडण आणि तरीही पूर्ण कडे, अशी जोडी दिसली की ती वस्तू परदेशी गिऱ्हाइकासाठी बनवली असण्याचा संशय बळावतो. त्या काळी झोलिंगनच्या कारखान्यांचे निर्यातीचे व्यवहार मोठे होते. चिली व अर्जेंटिना या देशांनीही आपल्या माउझर या जर्मन कारखान्याच्या रायफलींच्या संगिनी तेथूनच घेतल्या. बेल्जियमच्या एर्स्तालची आणि चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनोची निर्यात मात्र पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात भरभराटीला आली.

अरबी लिपी वापरणाऱ्या गिऱ्हाइकांत मिस्त्रींनी तीन देश धरले. इजिप्तच्या रेमिंग्टन रायफलीच्या संगिनी यातागान पद्धतीच्या, म्हणजे नागमोडी वळणाच्या पात्याच्या असतात. आमचे पाते सरळ आहे. इराणने ब्रनो येथून घेतलेल्या शस्त्रांवर सिंह आणि सूर्य यांचे राजचिन्ह असते आणि ती १९३० च्या दशकातील आहेत. ते चिन्ह येथे नाही. मुठीच्या टोकाजवळ जो झिजलेला शिक्का होता, त्यात तीन उभ्या रेघा आणि डावीकडे झुकलेली दोन वेढी भिंगाखाली ओळखता येत होती. ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानाची सही-मुद्रा, म्हणजे तुघ्रा, तिच्या घडणीवरून अशीच ओळखली जाते. कोणत्या सुलतानाची, हे सांगण्याइतका तपशील शिक्क्यात उरलेला नाही, असे मिस्त्रींनी त्याच क्षणी सांगून टाकले आणि अहवालातही तसेच लिहिले.

तुर्की सैन्याच्या शस्त्रावर जर्मन शहराचे नाव का, याचे उत्तर त्यांनी चहा घेता घेता दिले. १८८७ मध्ये ऑटोमन सरकारने माउझर कारखान्याशी पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइन (आखूड रायफली) यांचा करार केला. त्यात एक हुशारीचे कलम होते: करार चालू असताना कारखान्याने अधिक चांगली रायफल तयार केली, तर उरलेला माल त्या नव्या नमुन्याप्रमाणे मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला राहील. धूररहित दारू आल्यावर तुर्कांनी हा हक्क बजावला आणि १८९० चा नवा नमुना घेतला. पुढे १८९३ आणि १९०३ चे नमुने आले. माल तपासण्यासाठी तुर्की अधिकारी नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ या गावी मुक्कामाला होते. रायफली तेथे बनल्या, संगिनींची पाती मात्र झोलिंगनसारख्या ठिकाणच्या कारखान्यांकडून करून घेतली गेली, आणि गिऱ्हाईक तुर्की असल्यामुळे नावनिशाणी तुर्कीच्या तेव्हाच्या लिपीत उमटवली गेली. जर्मनीच्या आधी तुर्कांनी अमेरिकेतूनही शस्त्रे घेतली होती. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीशी झालेला पीबॉडी-मार्टिनी रायफलींचा करार सहा लाख नगांचा होता. गिरणीत माणसाला जसे लँकेशायरचे माग आणि मुंबईचे मालक हे वेगवेगळे ठाऊक असतात, तसेच शस्त्रातही घडवणारा आणि वापरणारा वेगळा धरायचा, असे मिस्त्री म्हणाले. मला त्यांचा हा दाखला फार आवडला, कारण "मूळ कुठले" हा आपला प्रश्नच मुळात तीन प्रश्नांचा गुंता असतो: कोठे घडवले, कोणासाठी घडवले आणि आपल्या घरी कसे पोहोचले.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर तिसऱ्यासाठी मिस्त्रींनी पुन्हा पात्याकडेच पाहिले. तुर्की प्रजासत्ताकाच्या काळात जुन्या लांब संगिनी मोठ्या प्रमाणात कापून आखूड करण्यात आल्या, पुष्कळांच्या आडव्या पट्टीची वळलेली टोकेही काढून टाकण्यात आली आणि १९२८ मध्ये रोमन लिपी आल्यानंतरच्या दुरुस्त्यांवर लष्करी कारखान्याच्या नावाची रोमन अक्षरे उमटवली गेली. आमच्या संगिनीचे पाते पूर्ण लांबीचे आहे, पट्टीचे वळलेले टोक शाबूत आहे आणि रोमन अक्षर एकही नाही. यावरून ती त्या फेरफारांपूर्वीच तुर्की सैन्याच्या हातून निसटलेली असणे संभवते. शिवाय हिंदुस्थान सरकारच्या भांडारातून गेलेल्या शस्त्रावर बाणाच्या खुणेसह जे रोमन अक्षर अपेक्षित असते तेही नाही, म्हणजे ती सरकारी नोंदीतून भारतात आलेली दिसत नाही. म्यान तर सरळसरळ गावच्या चर्मकाराने शिवलेले आहे. जाड चामडे, मेणाचा दोरा आणि तोंडाशी बैलाच्या साजाला असते तसे पितळी कडे.

"घरात पहिल्या महायुद्धाला गेलेलं कोणी होतं का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी नाही म्हणालो. घरी आल्यावर मेहुण्यांना दूरध्वनी केला. त्यांनीही आधी नाहीच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन करून म्हणाले, "दाजी, आजीच्या डब्यात राजाच्या तोंडाचा एक चांदीचा बिल्ला आहे. लहानपणी आमच्या गळ्यात घालायची." पुढच्या भेटीत तो बिल्ला मी मिस्त्रींसमोर ठेवला. तो महायुद्धाचा ब्रिटिश पदक निघाला. या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. शंभर वर्षे मुलांच्या गळ्यात घासून अक्षरे पुसट झाली होती, तरी त्याच तिरप्या उजेडात सासऱ्यांच्या आजोबांचे नाव आणि ११४ हा मराठा पलटणीचा क्रमांक वाचता आला. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तैग्रिस नदीकाठी शरकत येथे झालेल्या लढाईत ती होती, आणि त्या लढाईचा शेवट तेथील तुर्की फौजेच्या शरणागतीने झाला.

कोणताही दुसरा माणूस या टप्प्यावर हर्षभरित होऊन "मग झालेच की" म्हणाला असता. मी तर म्हणालोच. मिस्त्रींनी अहवालात तीन वेगळ्या ओळी लिहिल्या. घडण: जर्मनी, झोलिंगन, अवशिष्ट अक्षरांवरून. गिऱ्हाईक: ऑटोमन सैन्य, १८९० ते १९०३ या काळातील माउझर रायफलींपैकी एका नमुन्यासाठी. भारतात आगमन: पुराव्याने सिद्ध नाही, घरातील पदक मेसोपोटेमियाच्या मोहिमेशी सुसंगत आहे. रझाकाराची कथा त्यांनी खोटी ठरवली नाही, कारण एखादे शस्त्र दोनदा हात बदलू शकते, पण तिच्या बाजूने वस्तूवर एकही खूण नाही, असे स्वच्छ नमूद केले. मेहुण्यांना हा शेवटचा मजकूर रुचला नाही. मला तो आठशे रुपयांच्या मोबदल्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

आता उणिवा. दुकान दुपारी चार ते सात एवढेच या कामासाठी मोकळे असते आणि त्या वेळात मागाचा एखादा भाग घेऊन कारखानदार आला की शस्त्र बाजूला पडते. माझी दुसरी भेट जवळपास त्यातच गेली. रक्कम रोख घेतली जाते आणि पावती साध्या वहीच्या पानावर मिळते. अहवालाची भाषा नेमकी आहे, पण मापे काही ठिकाणी इंचांत आणि काही ठिकाणी मिलिमीटरमध्ये दिल्याने वाचताना अडखळायला होते. छायाचित्रे साध्या कागदावर छापलेली असून ज्या अक्षरांसाठी एवढा खटाटोप केला, तीच त्यांत नीट दिसत नाहीत. पेन्सिलीने उमटवलेला मूळ कागद मी आग्रहाने मागून घेतला म्हणून तो माझ्याकडे राहिला. इतरांनीही तो मागून घ्यावा.

किंमत विचारण्यासाठी येथे जाऊ नये. मिस्त्री मूल्यमापन करत नाहीत, विकत घेत नाहीत आणि गिऱ्हाइकाची गाठही घालून देत नाहीत. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परदेशी पाठवता येणार नाही, एवढीच सूचना ते देतात. गंज पूर्ण काढून शस्त्र लखलखीत करून हवे असणाऱ्यांचीही निराशा होईल. मुठीच्या लाकडावरील काळपट झाकसुद्धा त्यांनी हलवू दिली नाही, केवळ पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवला आणि पॉलिश पेपर बंद करण्याची तंबी दिली. कुंकू म्यानाला लावा, पोलादाला नको, असे त्यांनी मेहुण्यांसाठी सांगून पाठवले आहे. यावर वाड्यात अजून एकमत झालेले नाही.

दुसऱ्या पानावरील छायाचित्र बदलून देण्याचे मिस्त्रींनी कबूल केले आहे. त्याला तीन आठवडे झाले. ते अद्याप मिळालेले नाही.